'लग्न' लागले म्हणजे काय लागले?

गेल्या अंकात 'माहेर' ह्या शब्दाची कुळकथा सांगितली, तेव्हा कित्येक वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, आता सासरच्या वाटेवरचा एखादा शब्द घ्यावा असे सुचविले. त्या वाटेवरचा पहिला शब्द म्हणजे अर्थातच 'लग्न'. तुळशीचे लग्न लागले की मनुष्यांच्या लग्नांचा हंगाम सुरू होतो, आणि मग घरोघर हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तरी उच्चारला जातो. इतका तोंडवळणी पडलेला हा शब्द मुळात विवाहवाचक नाही, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

अमरकोश उघडून पाहावा. विवाहाचे पर्याय म्हणून अमरसिंहाने सहा शब्द दिले आहेत : विवाह, उपयम, परिणय, उद्वाह, उपयाम आणि पाणिपीडन. ह्यांत 'लग्न' कोठेही नाही. ह्या सहांकडे जरा निरखून पाहिले तर असे दिसते की, प्रत्येक शब्द एखाद्या कृतीचे नाव आहे. विवाह आणि उद्वाह ह्यांत 'वह्' धातू आहे. वधूला तिच्या घरून वाहून नेणे, हा त्यांतील भाव. परिणय म्हणजे अग्नीभोवती फिरवून नेणे. पाणिपीडन म्हणजे हात घट्ट धरणे. कोणी तरी कोणाला तरी नेतो, धरतो, स्वीकारतो. 'लग्न' हा शब्द अमरकोशात आहे, परंतु तो अगदी निराळ्या वस्तीत, काळ आणि नक्षत्रे ह्यांच्या शेजारी. आणि तेथे त्याचा अर्थ दिला आहे 'राशींचा उदय'.

आता रूपाकडे वळू. 'लग्' म्हणजे चिकटणे, जडणे. ह्या धातूस 'क्त' हा प्रत्यय लागून 'लग्न' झाले. वास्तविक नियमाप्रमाणे 'लगित' असे रूप व्हावयाचे. पण 'चिकटलेला, सक्त' ह्या अर्थी पाणिनीने सातव्या अध्यायात 'लग्न' हे रूप निपातनाने, म्हणजे नियमाला वळसा घालून तयार रूप म्हणूनच, सांगितले आहे. शाळेत हे फळ्यावर लिहिताना वर्गात खसखस पिकावयाचीच. शेवटच्या बाकावरचा एखादा हळूच विचारी, "सर, म्हणजे लग्न नियमात बसत नाही?" मी म्हणे, "पाणिनीच्या बसले नाही. पुढचे तू पाहा." लाजणे ह्या अर्थाच्या 'लस्ज्' धातूपासूनही 'लग्न' असेच रूप होते आणि त्याचा अर्थ 'लाजलेला' असा होतो. बोहल्यावरील वधूला दोन्ही अर्थ शोभतात खरे. परंतु आपला शब्द पहिल्या धातूचा, ह्यात शंका नाही.

मग चिकटलेले काय, आणि कशाला? येथे ज्योतिषाचा पदर धरावा लागतो. पहाटे पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले तर आकाशातील बारा राशींपैकी कोणती तरी एक क्षितिजावर नुकतीच डोके काढीत असते. ती क्षितिजाला 'लागलेली' असते, म्हणून ती त्या वेळचे 'लग्न'. बारा राशी एका अहोरात्रात उगवून जातात. म्हणजे एकेक रास सुमारे दोन तास, जुन्या मापाने पाच घटका, क्षितिजाला लागून असते. मेष लागलेली असेल तेव्हा मेष लग्न, वृषभ लागली की वृषभ लग्न. पत्रिकेतील पहिल्या घराला 'लग्नस्थान' म्हणतात ते ह्यामुळेच. अविवाहित मनुष्याच्या कुंडलीतही लग्नस्थान असते, हे ऐकून लहान मुले हसतात. मोठ्यांनी ह्याचे कारण त्यांस समजावून सांगण्यास हरकत नाही.

क्षितिज हे जागोजाग निराळे असते, हेही येथे सांगितले पाहिजे. रत्नागिरी आणि नागपूर ह्यांच्या रेखांशांत पावणेसहा अंशांहून किंचित अधिक अंतर आहे. अक्षांशाचा फरक सोडून दिला तरी नागपुरास जी रास क्षितिजाला लागली ती रत्नागिरीस लागावयास सुमारे तेवीस मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक घटका, थांबावे लागते. तेव्हा एका गावच्या पंचांगातील 'बारा वाजून सतरा मिनिटे' दुसऱ्या गावच्या पत्रिकेवर जसेच्या तसे छापणारे लोक नेमके काय साधतात, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. 'मुहूर्त' हा शब्द तरी आपण कोठे जपून वापरतो? मुहूर्त म्हणजे दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटे. आपण त्याचा क्षण केला, आणि त्या क्षणासाठी यजमान घामाघूम होतात.

आता प्रश्न असा की, आकाशातील हा शब्द मांडवात कसा उतरला? विवाहविधीचा सर्वांत जुना आधार म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील सूर्यासूक्त. त्यात विवाहाच्या काळाचा उल्लेख आहे, पण तो नक्षत्राचा : अर्जुनी, म्हणजे ज्यांना आपण फल्गुनी म्हणतो ती नक्षत्रे. आपल्यापैकी बहुतेक ऋग्वेदी घरांत ज्याच्या आधारे विवाह होतात त्या आश्वलायन गृह्यसूत्रात उत्तरायण, शुक्लपक्ष आणि शुभ नक्षत्र एवढेच सांगितले आहे. आणि लगेच सूत्रकार असेही नोंदवितो की, काहींच्या मते विवाहाला सर्वच काळ योग्य. राशी, लग्न, नवांश ह्यांचे नाव नाही. हे गणित मागाहून आले. ते यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, संपर्काने वाढले ह्याची साक्ष त्याची परिभाषाच देते. 'होरा' आणि 'केंद्र' हे शब्द ग्रीक आहेत. लग्नापासून सातवे, जोडीदाराचे घर, त्याला 'जामित्र' म्हणतात. तोही ग्रीक शब्दच, 'समोरासमोरचा व्यास' ह्या अर्थाचा. कालिदासाने कुमारसंभवाच्या सातव्या सर्गाच्या आरंभी पार्वतीच्या विवाहाची तिथी सांगताना हाच शब्द वापरला आहे. हिमालयाच्या कन्येच्या विवाहाला यवनांचा शब्द साक्षीला होता, आणि कालिदासास त्यात काही वावगे वाटले नाही. शब्दांच्या बाबतीत सोवळे-ओवळे पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एकदा विवाहाची शुभता राशीच्या उदयावर येऊन ठेपल्यावर तो उदय अचूक पकडणे हे मोठे काम झाले. त्यासाठी घटिकापात्र आले. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटका, चोवीस मिनिटे. जोशीबुवा, म्हणजे मूळचे ज्योतिषी, तिच्याजवळ बसून बुडालेल्या वाट्यांचा हिशेब ठेवीत. 'घटका भरली' हा वाक्प्रचार त्या वाटीचा. मुहूर्त लिहून दिलेला कागद ती 'लग्नपत्रिका', तो समय ती 'लग्नघटिका', आणि तो समय येईपर्यंत वधूवरांच्या मध्ये धरलेला अंतरपाट. मंगलाष्टके म्हणावयाची ती त्या समयाची वाट पाहताना. आणि रास क्षितिजाला लागण्याचा क्षण आला की 'सावधान' म्हणून अंतरपाट दूर करावयाचा. 'लग्न लागले' ह्या वाक्याचा मूळ अर्थ एवढाच, की ठरविलेली रास आली. ते वाक्य आकाशाविषयीचे होते. मांडवातील लोकांनी ते वधूवरांविषयीचे समजले, आणि तेथून पुढे शब्दाने आपला प्रपंच बदलला.

मराठीत ह्या वाक्याची गंमत अशी की, 'लागणे' हे क्रियापदही त्याच कुळातील आहे. संस्कृत 'लग्न' प्राकृतात 'लग्ग' झाले आणि त्याच्या वाटेने आपले 'लागणे' आले. 'लग्न लागले' म्हणताना एकाच घराण्याच्या दोन पिढ्या, एक सोवळ्यात आणि एक घरगुती लुगड्यात, शेजारी शेजारी उभ्या असतात. 'यत्ना'चे जसे जतन झाले, 'रत्ना'चे रतन झाले, तसे खेड्यापाड्यांत 'लग्ना'चे लगीन झाले. आणि शहरातल्या लोकांनी 'लगीनघाई' तेवढी तेथून उचलून आणली.

परंतु मला ह्याहून विचार करण्यासारखी वाटतात ती ह्या नामाबरोबर येणारी क्रियापदे. आग लागते, दिवा लागतो, भूक लागते, निकाल लागतो. 'लागणे' आले की कर्ता नाहीसा होतो. 'लग्न लागले' ह्या वाक्यातही वर नाही, वधू नाही, कोणीच नाही. पुढे 'लग्न लावले' आले. तेथे कर्ता उपाध्याय. 'लग्न लावून दिले', येथे कर्ता बाप. 'लग्न झाले', येथे पुन्हा कोणीच नाही, जसा पाऊस होतो तसे. आणि 'लग्न केले' म्हटले की करणारा माणूस प्रथमच वाक्यात येतो. तोही पुष्कळ वर्षे पुरुषच होता : 'त्याने तिच्याशी लग्न केले'. 'तिने त्याच्याशी लग्न केले' हे वाक्य आमच्या आजीच्या कानी पडले असते तर तिने पळी खाली ठेवली असती. कोणत्याही एकत्र कुटुंबात सहज कान देऊन ऐकावे. पणजीविषयी बोलताना घरातली मंडळी 'तिचे आठव्या वर्षी लग्न लावून दिले' म्हणतात, आईविषयी 'लग्न झाले' म्हणतात, आणि नातीविषयी 'ती पुढल्या वर्षी लग्न करणार आहे' असे म्हणतात. शंभर वर्षांचा समाजसुधारणेचा इतिहास तीन क्रियापदांत सामावला आहे, आणि तो कोणी मुद्दाम लिहिलेला नाही.

'विवाह' हा शब्द मात्र आपण गंभीर प्रसंगांसाठी राखून ठेवला. कायदा आणि चळवळ ह्यांना तोच लागतो : १८५६ चा कायदा विधवाविवाहाचा, १९२९ चा बालविवाह प्रतिबंधाचा, आणि आजचा नोंदणीविवाह. उलट टोमणा मारावयाचा असेल तर 'लग्न' हवे. आचार्य अत्रे ह्यांनी १९३६ साली आपल्या नाटकाला 'लग्नाची बेडी' हे नाव दिले. 'विवाहाची बेडी' म्हटले असते तर पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षक घरी बसले असते. पत्रिकेची तर निराळीच तऱ्हा. तिला आपण 'लग्नपत्रिका' म्हणतो, पण आत छापतो 'शुभविवाह'. आणि आजोबांच्या काळच्या पत्रिकांत 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' असे असे. तो शब्द वाचून आज नातवंडे ओशाळतात, पण त्या काळी तो केवळ सोयरिकीचा दरबारी शब्द होता.

शेजाऱ्यांकडे पाहिले तर गुजराती आणि कानडी ह्यांत 'लग्न' आपल्याप्रमाणेच विवाहवाचक आहे. हिंदीत तो बहुतांशी ज्योतिषाच्या घरी राहिला. बंगालीत त्याचा अर्थ अजून शुभ घटिका असाच आहे, आणि त्या अर्थाने तेथे एक भयंकर शब्द जन्मास घातला : 'लग्नभ्रष्टा'. ठरल्या घटिकेला वर आला नाही, किंवा भर मांडवात देण्याघेण्यावरून सोयरीक मोडली, तर दोष वराकडचा असला तरी ती मुलगी 'लग्नभ्रष्टा' ठरे आणि पुढे तिचे लग्न होणे कठीण. म्हणून त्याच रात्री हाती लागेल त्या पुरुषाच्या गळ्यात तिला बांधण्याचे प्रसंग बंगाली कथा-कादंबऱ्यांत वारंवार येतात. एक रास क्षितिजावरून पुढे सरकली, एवढाच त्या मुलीचा अपराध. मराठीत हा शब्द रुजला नाही, ही आपल्या भाषेवर देवाची कृपाच म्हणावयाची.

पण क्षणाला कृतीच्या डोक्यावर बसविण्याचा दोष आपल्याकडेही शिल्लक आहे, आणि आजचा विषय घेण्याचे माझे खरे कारण तेच. हल्लीच्या मंगल कार्यालयातील क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. 'सावधान' झाले, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, की 'लग्न लागले' म्हणून मंडळी पानांकडे धावतात. नंतर एका कोपऱ्यात होम पेटतो. पाणिग्रहण, लाजाहोम, अश्मारोहण, सप्तपदी हे सर्व तेथे रिकाम्या खुर्च्यांसमोर चालते. आणि संध्याकाळच्या समारंभाची वेशभूषा व्हावयाची असल्यामुळे "गुरुजी, जरा थोडक्यात घ्या" असे कोणी तरी म्हणतेच. मागील वर्षी एका विवाहात सप्तपदीच्या वेळी मी मोजली तर मांडवात सात माणसे होती, छायाचित्रकार धरून. वधूची आजी तेवढी पान सोडून येऊन बसली होती.

शास्त्राने पाहता प्रकार नेमका उलट आहे. अंतरपाट व मंगलाष्टके ही गृह्यसूत्रात नाहीत. ती मागाहून आलेली रूढी आहे. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण विवाहात देशोदेशींचे व गावोगावचे आचार पाळावेत असे आश्वलायन स्वतःच सांगतो. परंतु विवाह पूर्ण केव्हा होतो, ह्याचे उत्तर मनूने आठव्या अध्यायात निःसंदिग्ध दिले आहे : सातव्या पदाला. आणि त्या पूर्णतेसाठी त्याने शब्द योजला आहे 'निष्ठा'. व्याकरण शिकलेल्यांस येथे थांबावेसे वाटेल. ज्या 'क्त' प्रत्ययाने 'लग्न' हे रूप सिद्ध झाले, त्या प्रत्ययाची पाणिनीने ठेवलेली संज्ञाही 'निष्ठा' हीच आहे. क्रिया संपली, पुरी झाली, हे दाखविणारा तो प्रत्यय. तेव्हा 'लग्न' ह्या रूपात जी निष्ठा आहे, ती मनूच्या मते अक्षतांनी येत नाही. ती सातव्या पावलावर येते. अक्षतांच्या वेळी लागलेली असते ती रास.

हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी म्हणेल, म्हणून कायद्याकडे बोट दाखवितो. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या सातव्या कलमाप्रमाणे विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे व विधींनी झाला पाहिजे; आणि ज्या विधींत सप्तपदी आहे, तेथे सातवे पाऊल टाकले म्हणजे विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. ज्यांच्या रूढीत सप्तपदी नाही त्यांना अर्थातच ती आवश्यक नाही. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून आपली निराळी विवाहपद्धती रूढ केली आहे. पण ज्यांच्या घरी ती आहे, त्यांनी ती 'थोडक्यात' घेण्यापूर्वी विचार करावा.

महाराष्ट्रातील एक खटला १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. पहिली पत्नी हयात असताना एका गृहस्थाने दुसरे लग्न केले. हार घातले गेले, वधूवरांची डोकी एकमेकांस टेकविली गेली. जमलेल्यांच्या दृष्टीने लग्न 'लागले' होते. पहिल्या पत्नीने फिर्याद केली आणि खालच्या न्यायालयांत शिक्षाही झाली. परंतु अग्नीसमोर होम व सप्तपदी झाल्याचे शाबीत झाले नाही, आणि त्यांवाचून विवाह करण्याची रूढी आहे हेही शाबीत झाले नाही. म्हणून, दुसरा विवाह कायद्याने विवाहच नव्हे, असे ठरून आरोपी सुटले. फिर्यादीचे कलम तेव्हा दंडसंहितेचे ४९४ होते. १ जुलै २०२४ पासून ते न्यायसंहितेचे ८२ झाले. जरा त्या दोन स्त्रियांचा विचार करावा. एकीला सवत आली, पण ती आलीच नाही असे न्यायालयाने सांगितले. दुसरी ज्याला लग्न समजून त्या घरात गेली, ते लग्न नव्हते. गावाचा शब्द आणि कायद्याचा शब्द ह्यांच्या फटीतून पुरुष तेवढा मोकळा निघून गेला. पुढे एप्रिल २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने बजाविले की, आवश्यक विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. दाखला हा झालेल्या विवाहाचा पुरावा आहे, विवाह नव्हे.

मुहूर्त टळला तर काय, असे विचारणारी पत्रे ह्या सदराकडे नेहमी येतात. वऱ्हाडाची मोटार वाटेत बंद पडली, पाऊस आला, नवरदेवाचा फेटा बसेना, आणि बारा-सतराचे बारा-चाळीस झाले. माझे उत्तर असे की, एका राशीला दोन तास मिळालेले असतात, ग्रंथकारांनी गोरज मुहूर्ताची सोय ठेवलेली आहे, आणि सर्वकाळ योग्य म्हणणारे आचार्य आश्वलायनाच्याही आधीचे आहेत. वीस मिनिटांनी कोणाचाही संसार बिघडलेला मी पाहिला नाही. त्याच वीस मिनिटांचे उट्टे सप्तपदीवर काढलेले मात्र पुष्कळदा पाहिले आहे.

यजमानांनी एवढे करावे : होम पंगतीपूर्वी घ्यावा, किंवा पहिली पंगत होमानंतर बसवावी, आणि हे गुरुजींना व कार्यालयाच्या व्यवस्थापकांना महिनाभर आधी सांगून ठेवावे. वधूच्या भावासही सांगावे. लाजाहोमात तिच्या ओंजळीत लाह्या त्याने घालावयाच्या असतात, आणि ऐन वेळी तो जिलबीचा आग्रह करीत पंगतीत फिरत असतो. मग कोणा तरी चुलतभावाला शर्टाची बाही धरून आणतात. लाह्या साळीच्या असाव्यात. कानपिळीचा मानही सख्ख्या भावाचाच आहे. नवरदेवाचा कान पिळण्याची कायदेशीर संधी त्याला जन्मात एकदाच मिळते, ती जिलबीपायी दवडू नये.